एकाच मापाच्या बांगड्या

४ जानेवारी

आज पुन्हा भांडण. तेही सकाळी, दुकान उघडायच्या आत, काउंटरवर!

मोडीच्या बांगड्यांचा ट्रे भावाने माझ्यापुढे ढकलला. एक्केचाळीस बांगड्या. "ताई, फोटो काढ, नोंद कर, सही कर. बाराच्या आत भट्टीत, आटणीला जायला हव्यात." मी एक उचलली, मग दुसरी. सहज एकीवर एक ठेवत गेले. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस रचल्या आणि नळकांडं झालं — सरळ, गुळगुळीत, कुठे केसभरही बाहेर नाही.

"या सगळ्या बायकांचे हात एकाच मापाचे का रे?"

"तुला सही करायचीय. त्यांची लग्नं नाही जमवायची."

माझं स्वतःचं राहून गेलं, त्यावर हा टोला. बत्तीस वर्षं ऐकते आहे, पण आज लागला.

मोड मी घेते, बत्तीस वर्षं तेच काम. लोक मोडायला आणतात ते जुने दागिने. जुनी बांगडी कधी गोल नसते. उजव्या हातातली तर नाहीच नाही, ती कामाने चेपते. नक्षी एका अंगाला पुसलेली असते, खाचेत साबण बसलेला असतो, कुठे तरी एकदा तुटून सांधलेली असते. बाई ती काउंटरवर ठेवते आणि परत उचलते. एकदा तरी बोटांत फिरवते. मी तेव्हा मुद्दाम पावतीपुस्तक शोधायला खाली वाकते. त्यांना तेवढा वेळ द्यावा.

या एक्केचाळिसांत कुणाचा हात कधी गेलेलाच नव्हता.

सही केली. हो, केली! लिहून ठेवते, म्हणजे उद्या स्वतःलाच थाप मारता येणार नाही.

५ जानेवारी

रात्री सगळे जेवायला बसलो. भावाची मुलगी — माझी भाची, दुकानाच्या जाहिरातींचं तीच बघते — एवढंच म्हणाली, "आत्या, तू ना, उगाच..." उगाच काय, ते सांगितलं नाही. ताट उचलून गेली.

९ जानेवारी

पोपट येऊन गेला. खरं नाव वेगळं, पण मी मनात पोपटच म्हणते. प्रमाणपत्र मिळवून देणारा सल्लागार आहे. हिरवा शर्ट, आणि शिकवलेलंच बोलतो.

समुद्रापलीकडच्या मोठ्या खरेदीदाराने अट घातली आहे — 'जबाबदार सोनं' असं प्रमाणपत्र असेल तरच पुढचा माल. सोनं जबाबदार! माणसं सोडून सगळं जबाबदार.

फॉर्म मीच भरते. दुकानातलं सगळं इंग्रजी माझ्या गळ्यात. सोनं खाणीतलं असेल तर सतरा प्रश्न आहेत. कुठली खाण, कोण खणतं, लहान मुलं राबतात का, पारा कुठे जातो. जुन्या दागिन्यांचं असेल तर फक्त एक ओळ — 'वापरणाऱ्यांकडून विकत घेतले.' त्याखाली मोड घेणाऱ्याची सही. म्हणजे माझी. प्रमाणपत्राची अट आत्ताची, पण खरेदीदाराच्या कागदांत ती ओळ मी दोन वर्षं भरते आहे.

मी पोपटाला विचारलं, मोड खरंच मोड आहे का, हे कोण बघतं?

"मॅडम, जुनं सोनं म्हणजे धुतला तांदूळ. शेत कुणाचं, कोण विचारतंय?"

भाऊ हसला. मीही हसले. माझीच मला चीड आली.

१२ जानेवारी

मागच्या शेडमध्ये गेले. चार-पाच वर्षांत पाय ठेवला नव्हता तिथे. 'धूर असतो ताई, तू नको येऊ' असं भाऊ म्हणायचा आणि मला वाटायचं, काळजीने म्हणतो!

आटणी करणारा आमचा जुना माणूस. त्याला सगळे मौनी म्हणतात. दिवसाला दहा शब्द, त्यातले चार भट्टीशी. त्याच्यापुढे लोखंडी ताटात गोळे होते. मळकट पिवळे, वर करडी झाक, स्पंजासारखे भोकाभोकांचे. असलं सोनं कुठल्याही बाईच्या अंगावरून उतरत नाही. ते जमिनीतून येतं. शेजारी गुळगुळीत लोखंडी कांब, तिच्यावर तीन बांगड्या चढवलेल्या.

म्हणजे असं आहे! कुठल्या तरी नदीकाठचं, कोणी खणलेलं माहीत नसलेलं सोनं येतं. मौनी ते वितळवून बांगड्या करतो. त्या पुढच्या दाराने माझ्या काउंटरवर येतात. मी त्यांना 'जुन्या' म्हणून लिहिते. आणि मौनी त्याच पुन्हा वितळवतो. एका दिवसाचं आयुष्य. माझ्या सहीसाठी जन्मायचं आणि सही झाली की मरायचं.

मौनीने मला चहा दिला. कप बशीवर टकटक वाजत माझ्यापर्यंत आला.

"हात कधीपासून असे?"

"दोन वर्षं झाली. गोळ्यांत पारा असतो, मातीतलं सोनं धरायला घालतात तो. तापला की उडतो."

"मग धुराडं का नाही लावलं?"

माझ्याकडे बघत राहिला, लहान पोराकडे बघावं तसा. "कागदावर इथं जुने दागिने आटतात ना ताई. जुन्या दागिन्यात पारा कुठला? पारा नाही, तर धुराडं कशाला?"

कागदावर. म्हणजे माझ्या अक्षरात!

मी उठले, तर दारापाशी येऊन म्हणाला — एका दमात इतकं बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं — "भांडू नका कुणाशी. माझं पोट आहे या भट्टीवर. तुमची बुद्धी तुमच्यापाशी ठेवा."

१३ जानेवारी

भांडले.

भाऊ आधी हसला, मग ओरडला, मग सगळ्यात वाईट म्हणजे हळू आवाजात बोलला. "बाबांनी तुला नन्सकडे घातलं आणि मला भट्टीपुढे बसवलं. तू पियानो ऐकलास. मी भाता ओढला. या घराचं छप्पर कुठल्या सोन्याचं आहे, हे एकसष्ट वर्षांत एकदाही विचारलं नाहीस. आता विचारतेस?"

खोटं नाही. पण अर्धं आहे. त्यालाही घातलं होतं कॉन्व्हेंटमध्ये. तिसरीपर्यंत टिकला. एक दिवस भिंतीवरून उडी मारून पळाला आणि गुडघे फोडून घरी आला. मी दहावीत होते. त्याचे गुडघे धुतले. 'परत नाही जाणार ना ग मी?' — माझा फ्रॉक घट्ट धरून विचारत होता. बाबांकडे मीच रदबदली केली. नाही पाठवलं परत. इंग्रजी अक्षर त्याचं कायमचं वैरी झालं. आज वाटतं, त्या दिवशी त्याची बाजू घ्यायला नको होती.

आम्हाला मॉरल सायन्सचा तास असायचा. परीक्षेत दहापैकी नऊ मिळाले मला. एक मार्क कशात गेला? 'कॉन्शन्स'चं स्पेलिंग चुकलं! सिस्टरने लाल पेनने गोल केला होता. तेव्हा रडले होते. आज हसले.

१७ जानेवारी

मोडीच्या कपाटाचं कुलूप बदललं. मला सांगितलं नाही. मी किल्ली घालून खटपट करत होते आणि गिऱ्हाईक बघत होतं. भाऊ तिथूनच म्हणाला, "ताईंचं वय झालंय. किल्ल्या विसरतात."

ताईं-चं! लोकांसमोर मला अहो-जाहो करतो तेव्हा समजावं, की हा चावायला उठलाय.

पत्रं मात्र माझ्याच टेबलावर येतात. ती नाही थांबली.

२१ जानेवारी

परवा प्रमाणपत्राची तपासणी आहे, म्हणून पोपटाने सगळ्यांना ओळीने उभं करून प्रश्नोत्तरं घोकून घेतली. "तुम्हाला हातमोजे मिळतात का?" — "हो." "कधी मिळाले?" — "आज," असं एक पॉलिशवाला म्हणाला आणि सगळे फुटले. पोपटाचा चेहरा बघण्यासारखा होता. शेडमधले गोळे आणि कांब टेम्पोत घालून दुसरीकडे नेले. शेडला चुना लावला.

मला सांगितलं, तपासनीस बाईला आपली भाषा येत नाही. दुभाष्याचं काम ताई करतील.

मी नाही म्हणू शकले असते. लिहिताना सुचतंय. तेव्हा फक्त 'बरं' म्हटलं.

२३ जानेवारी

आली आणि गेली. चार तास.

वाईट बाई नव्हती. माझ्याहून वीस वर्षांनी लहान, सपाट बूट, दमलेले डोळे. संध्याकाळी आणखी एक कारखाना बघायचा होता तिला. मोडीचं रजिस्टर उघडलं आणि म्हणाली, किती सुंदर अक्षर! मी लाजले. या वयात! खोट्या नोंदींच्या अक्षरासाठी!

बांगड्यांचे फोटो पाहिले. एका पानावर बारा, नीट ओळीत. तिला काही दिसलं नाही. दिसणार कसं? फोटोत बांगड्या एकावर एक ठेवता येत नाहीत.

मग मौनीला बोलावलं. काचेच्या केबिनमध्ये आम्ही तिघं. काचेपलीकडे भाऊ, हाताची घडी घालून.

तिने विचारलं, पाऱ्याशी संबंध येतो का? मी मराठीत विचारलं. मौनीने दोन्ही हात टेबलाखाली घेतले. "नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "नो."

तिने बरोबरची खूण केली आणि पुढचा प्रश्न.

निघताना एक त्रुटी काढली. प्रथमोपचाराच्या पेटीत कापूस कमी आहे.

२४ जानेवारी

कापूस आणला.

१० फेब्रुवारी

प्रमाणपत्र आलं. सोनेरी कडेची चौकट, काउंटरच्या मागे, बरोबर माझ्या डोक्यावर. भाचीने त्याच्याखाली मला उभं करून फोटो काढला. "हस ना आत्या, तुझ्यामुळे मिळालंय!" तिला खरंच तसं वाटतं. तिचा राग करावा, तर तेवढंही सोपं नाही.

१६ फेब्रुवारी

मौनीला काढलं.

कारण ऐक, वही! प्रमाणपत्राच्या नियमांत कलम आहे — ज्याच्या हातांवर ताबा नाही, त्याला भट्टीपुढे उभं करायचं नाही. कामगाराच्या सुरक्षेसाठी! भावाने ते कलम माझ्याकडूनच मराठीत करून घेतलं होतं, परवा. कशाला हवंय, हे विचारायचं मला सुचलं नाही.

"नियम म्हणजे नियम, ताई. तुलाच हवे होते ना नियम?"

मी हातातलं रजिस्टर त्याच्या अंगावर फेकलं. लागलं नाही. लागायला हवं होतं.

१८ फेब्रुवारी

मौनीच्या घरी गेले. दोन खोल्या, बाहेर पाण्याची टाकी. त्याच्या बायकोने दारातच अडवलं. खुर्ची नाही, पाणी नाही. "आता काय उरलंय बघायला?"

तो आत खाटेवर बसला होता. शर्टाचं वरचं बटण उघडं. लावता येत नाही म्हणून उघडं. मला बघून भिंतीकडे वळला.

मी तिला म्हटलं, तुमच्या यजमानांनीच सांगितलं होतं गप्प राहायला. त्यांनीच 'नाही' म्हटलं त्या बाईपुढे.

"म्हणाले. भीतीने म्हणाले. मालक काचेतनं बघत होता." मग ती माझ्याजवळ आली, इतकी की तिच्या श्वासाची ऊब लागली. "पण इंग्रजी तुम्हाला येतं. यांना येत नाही. तुम्ही 'हो' म्हणून सांगितलं असतं, तर यांना कळलं तरी असतं का? मालकाला कळलं असतं?"

मी मागे फिरले. चपला घातल्या. एक चप्पल उलटी घालत होते, तीही तिनेच पायाने सरळ करून दिली. तेवढी माणुसकी. ती शिवीपेक्षा जास्त झोंबली.

१९ फेब्रुवारी

कळलं असतं का?

२० फेब्रुवारी

प्रमाणपत्राच्या तळाला बारीक अक्षरांत तक्रारीचा पत्ता आहे. डोक्यावरच टांगलेलं असूनही आजच वाचलं. दुपारी दुकान बंद असताना भाचीच्या कॉम्प्युटरवर लिहिलं आणि पाठवलं. गोळे, बांगड्या, कांब, पारा. नाव घातलं नाही. घाबरट!

तरी पाठवल्यावर दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

३ मार्च

काही नाही. अजून काही नाही. दुसरा माणूस आलाय आटणीवर. तरणा आहे, गाणी म्हणतो. शेडला धुराडं नाही.

भावाशी बोलणं फक्त 'मीठ दे' आणि 'दिवा बंद कर' एवढ्यापुरतं.

८ मार्च

आलं! आणि कुठे आलं तर माझ्याच टेबलावर, नेहमीच्या पत्रांत!

माझीच तक्रार, शब्दन् शब्द, वर एक पत्र जोडलेलं. आपल्याबद्दल निनावी तक्रार मिळाली आहे, दहा दिवसांत मालकाने लेटरहेडवर स्वतःच्या सहीने खुलासा द्यावा. खुलासा समाधानकारक असल्यास प्रकरण बंद करण्यात येईल. म्हणजे चोराला विचारायचं, तू चोर आहेस का, आणि 'नाही' म्हणाला की त्याला चहा पाजायचा.

भावाला मराठीत सांगावं लागलं. आवाज थरथरू नये म्हणून खिडकीकडे तोंड करून सांगितलं. तो ऐकत गेला आणि त्याची मान लाल होत गेली.

"हे त्या थरथऱ्याचं काम. कुणाकडून तरी लिहून घेतलंय त्याने."

"कशावरून?"

"पाऱ्याचं बाहेरच्या आणखी कोणाला ठाऊक आहे? घरचं माणूस असलं लिहीत नाही. तू लिही. लिही, की हा माणूस सोनं चोरताना सापडला, म्हणून काढला. आता सूड उगवतोय. पोलिसांत देतोय म्हणून लिही. आणि देतोच! उद्याच देतो."

"त्याने कधी कणभर सोनं उचललं नाही. तुला माहीत आहे."

"मला खूप माहीत आहे. तू इंग्रजी कर."

९ मार्च

भावाने दोनदा विचारलं, झालं का पत्र? पोलिसांकडे जायचं उद्यावर टाकलं आहे. आधी पत्र हातात हवं, त्याची प्रत जोडायची आहे. भाची प्रदर्शनाला बाहेरगावी. पोपट फोन उचलत नाही. तक्रारीचा वास लागला असणार, दुसऱ्या फांदीवर बसला.

दिवसभर नुसती बसले. खुलाशाची तीन पत्रं करून फाडली. पहिल्यात मौनी चोर होता. किती सहज लिहून झालं! 'खेदाने कळवावे लागते...' असली वाक्यं माझ्या हाताला इतकी सवयीची झाली आहेत, की हात पुढे गेला आणि मी मागे राहिले. दुसऱ्यात मौनीचा उल्लेखच नव्हता. तिसऱ्यात मी तक्रार मागे घेतली होती, पण निनावी माणूस तक्रार मागे घेणार कशी?

मी कबूल केलं तर? भावाला सांगितलं, मी लिहिली तक्रार, तर तो खुलासा दुसऱ्या कुणाकडून लिहून घेईल. मौनी चोर ठरेल तो ठरेलच. मी आणखी वेडी ठरेन. 'ताईंचं वय झालंय.'

संध्याकाळी तो स्वतःहून माझ्या खोलीच्या दारात आला. बरेच दिवसांनी. म्हणाला, "गुडघा दुखतोय ग. तेल आहे का तुझ्याकडे?" बाटली दिली. तिथेच उभं राहून चोळलं. टक्कल पडलंय त्याला मागे, मला माहीतच नव्हतं. असा उभा असला की आठ वर्षांचाच वाटतो.

मग जाता जाता म्हणाला, "त्या हरामखोराला आत घालतो का नाही बघ."

१० मार्च

पत्र झालं. एक पान. तक्रार खरी आहे. बांगड्या आम्हीच ओततो. आटणीकाराने चोरी केलेली नाही, त्याचे हात आमच्या शेडमध्ये गेले. जुन्या मालाच्या खोट्या नोंदी माझ्या, केबिनमधलं खोटं भाषांतर माझं, तक्रारही माझी. खाली सहीला दोन जागा.

त्याच्यापुढे ठेवलं आणि म्हटलं, वाचून दाखवते. नको म्हणाला. पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा हसला. जानेवारीतल्या भांडणानंतर माझ्याशी बोलताना पहिल्यांदाच. "तू लिहिलंयस ना, ताई? मग त्यात काय बघायचं?"

त्याने सही केली. मग मी केली. साडेअकराला पाठवलं.

खाली काउंटरवर कुणाशी तरी बोलतोय. आवाज वर येतोय. आज खुशीत आहे.